मानेवरचा काळा पट्टा मळ नव्हता

शहापूरची_आई | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते. वय ४७. बरेच महिने इथं नुसती वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण ही गोष्ट घरात बोलून मन हलकं होईना.

माझी लेक २२ वर्षांची. दहावीनंतर तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा यायला लागला. जाडसर, घड्या पडल्यासारखा, हाताला मखमलीसारखा लागणारा. मला वाटलं मळ. दर रविवारी न्हाणीत पाटावर बसवून डाळीचं पीठ, लिंबाची फोड आणि घासणी घेऊन मी तो घासायची. मान लाल व्हायची. ती म्हणायची, "आई, पुरे गं." मी म्हणायची, "नीट अंघोळ करत नाहीस, म्हणून असं होतं." गेल्या वर्षी पाहुणे तिला बघायला येणार होते, तर आदल्या रात्री इतकं घासलं की सकाळी तिथं खपली धरली होती. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगी अंगानं जरा जास्त आहे.

दोन आठवड्यांपूर्वी ताप आला म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासताना तिचे केस बाजूला केले, मान बघितली आणि विचारलं, "पाळी कधी आली होती?" लेक खाली बघत म्हणाली, "तीन महिने झाले." हे तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं.

मग तपासण्या झाल्या. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७१. थायरॉईड ठीक. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा विकार. आणि मानेवरचा पट्टा? रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की मान, काख, जांघेतली कातडी अशी काळी आणि जाड पडते म्हणे. सहा वर्षं मी आजार घासत होते.

तिच्या वजनावर कोण बोललं नाही? आत्या बोलली, शेजारीण बोलली, ब्लाउज शिवणारी बोलली, मी तर रोजच बोलले. ते वजन आत काय करतंय हे मात्र कुणी विचारलं नाही.

मी स्वतः ८२ किलोची आहे. कपिलेश्वर पुलाचा चढ चढताना मध्ये दोनदा थांबावं लागतं.

विचारायचं आहे ते असं. हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते कुणी समजेल असं सांगेल का? आणि पथ्य कसं करायचं? लेकीला वेगळं शिजवून वाढलं तर ती ताट सरकवून उठते. तुमच्या घरी काय झालं तेही लिहा. मला वाचायचं आहे.

कंग्राळीची | रविवार, रात्री ११:१५

ताई, माझ्या मानेवर आहे. मी पण घासते. उद्याच जाते.

डॉक्टर_टिळकवाडी | सोमवार, सकाळी ७:३०

शहापूरची_आई, स्वतःला दोष देत बसू नका. घासून घासून सोललेल्या माना घेऊन येणाऱ्या मुली मी नेहमी बघते. बरोबरची आई दरवेळी हेच म्हणते की हिला स्वच्छतेची आवड नाही. तुम्ही आता लिहिलंत ते वाचून कंग्राळीच्या ताई तपासायला निघाल्या, हे फार मोठं काम झालं.

गुंता असा आहे. जेवणातली साखर रक्तातून पेशींच्या आत न्यायचं काम इन्सुलिन करतं. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठली की पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन मानेची कातडी जाड करतं, आणि बीजकोशांना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. मग बीज वेळेवर पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, चेहरा फोडांनी भरतो. यातली वाईट गोष्ट अशी की वजनानं पीसीओएस बळावतो आणि पीसीओएसमुळे वजन वाढतं, उतरवणं जड जातं. मुलगी आळशी आहे म्हणून हे झालं असं कृपा करून कुणी म्हणू नका.

चांगली गोष्ट पण आहे. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळ मुलींची पाळी रुळावर येते आणि साखर खाली येते. तुमच्या लेकीच्या बाबतीत म्हणजे साडेतीन ते सात किलो. ५० किलोची व्हायची काही गरज नाही. मात्र तीन महिने पाळी आली नाही तर वाट बघत बसू नका. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, त्यासाठी औषध द्यावं लागतं.

आकड्यांविषयी एक सांगते. वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा बीएमआय. जगभरात २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्यासाठी या रेषा २३ आणि २५ ठरवल्या. लेकीचा बीएमआय २८.८ येतो. पण वजनकाट्यापेक्षा मला शिवणकामाची टेप जास्त आवडते. बायकांचा पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर नको, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच.

आणि हे तुमच्या एका घरचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ३० जणींचा बीएमआय २५ किंवा वर होता. त्याच्या आधीच्या पाहणीत २३ होत्या. त्याच पाहणीत देशभरात पोटाचा घेर जास्त असलेल्या बायका १०० मध्ये ४० निघाल्या, पुरुष १२.

आशा_जांबोटी | सोमवार, दुपारी २:१०

मी खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. टेपचं वाचलं म्हणून लिहिते.

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचा एक फॉर्म आम्ही घरोघरी भरतो. त्यात बायकांच्या कंबरेच्या घेराला गुण आहेत. ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य, ९० पर्यंत एक, त्यावर दोन. सगळे गुण मिळून चारच्या वर गेले की तिला आधी तपासणीला पाठवायचं. फॉर्म कन्नडमध्ये. आमच्या म्हाताऱ्या बायका विचारतात, 'तूक' म्हणजे काय गे? मी सांगते, वजन.

सासूसमोर कुणी टेप लावू देत नाही. म्हणून मी "पाणी द्या की जरा" म्हणत स्वयंपाकघरात जाते आणि दार लोटून तिथंच मोजते. टेप लावली की प्रत्येक बाई पोट आत ओढते. मग मी थोडं बोलत राहते. शेतीचं, पोरांचं. श्वास सुटला की आकडा घेते.

दोन गोष्टी मला रोज दिसतात. पहिली रक्ताची. "हिला काय झालंय, बघा की केवढी आहे, रक्त भरलंय अंगात!" असं घरचे म्हणतात आणि तपासलं की हिमोग्लोबिन ८.६. अंग भरलेलं म्हणजे रक्त भरलेलं असं नाही हो. डॉक्टरांनी आम्हाला शिकवलंय की जादा चरबीमुळे शरीरात सतत बारीक सूज राहते आणि त्यामुळे खाल्लेलं लोह आतड्यात नीट शोषलंच जात नाही. वर भात, चहा, बिस्कीट यांनी पोट भरतं, त्यात लोह कुठलं? कर्नाटकात १०० मधल्या जवळपास ४८ बायकांना रक्त कमी आहे. जाड बाईला लोहाची गोळी द्यायला गेलं तर ती हसते, "मला कशाला?"

दुसरी, पावसाळ्यातली. आमच्याकडं पाऊस लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत. चुलीवरच्या दोरीवर धुरात सुकवायचे. अंगानं भरलेल्या बायकांना छातीखाली, पोटाच्या घडीत, जांघेत ओल राहते, लाल होतं, खाज, पाणी येतं. लाजेनं दाखवत नाहीत. दुकानातून विचारून ट्यूब आणतात. त्यात स्टेरॉईड असलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. घडी पुसून कोरडी करायची, सुती कापडाची पट्टी ठेवायची, आणि डॉक्टरला दाखवायचं. एवढं साधं आहे, पण कुणी बोलतच नाही म्हणून वर्षं जातात.

निपाणीची_सून | सोमवार, रात्री ९:४०

आशाताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मला पण धीर आला.

आधी सासूबाईंचं. तीस वर्षं विड्या वळल्या त्यांनी. सकाळी आठला मांडीवर सूप घेऊन बसायच्या, सुपात पानं, तंबाखू, दोरा, उजवा गुडघा दुमडलेला. हजार पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. जेवण पण तिथंच. मी चालायला जा म्हटलं की म्हणायच्या, "मी काय बसून खातो व्हय?" खरंच होतं. दिवसभर राबायच्या, फक्त ते राबणं एका जागेवरचं. वजन ८८ झालं. गुडघ्यातून कटकट आवाज. शेवटी जमिनीवर बसलं की दोघांनी धरून उठवायला लागायचं.

हाडाच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. तो हिशोब त्यांना पटला, कारण हजाराला किती मजुरी हा हिशोब त्यांच्या बोटांवर असतो. दीड वर्षात सहा किलो उतरले. म्हणजे पावलाला चोवीस किलो. गुडघे नवे झाले नाहीत, पण आता उंच स्टुलावर बसून काम करतात, तासाला उठतात, आणि रात्री मला न उठवता स्वतः बाथरूमला जातात. हे शेवटचं त्यांना सगळ्यात मोठं वाटतं.

आता माझं. वय ३६, दोन बाळंतपणं, दुसऱ्यानंतर वजन १४ किलोंनी वाढलं ते तसंच राहिलं. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवी गळते. चार वर्षं घडी घातलेलं कापड लावून वावरले. सौंदत्तीला यल्लम्माला सगळ्या गल्लीच्या बायका गेल्या, मी डोकं दुखतंय सांगून घरी राहिले. गळू नये म्हणून पाणी प्यायचं सोडलं, मग जळजळ आणि ताप. नवऱ्याजवळ झोपायची पण लाज वाटायची. चिडचिड इतकी की पोरं घाबरायची. त्या चिडचिडीचं कारण कुणाला कळलं नाही, मी सांगितलं नाही.

बेळगावात एका फिजिओथेरपीच्या ताईंनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. लघवी अडवताना जे आवळतो तेच, पण लघवी करताना नाही, एरवी. आवळून सहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दिवसातून तीन वेळा दहा-दहा. पोटाचा भार खालच्या स्नायूंवर पडतो म्हणून वजन पण उतरवायला सांगितलं. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत २००९ साली आलेल्या अभ्यासात सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या बायकांच्यात हे गळणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. माझे पाच किलो कमी झाले. कापड सुटलंय. सर्दी झाली की अजून थोडं होतं.

हे मी आजवर आईला पण सांगितलं नव्हतं.

कंग्राळीची | सोमवार, रात्री १०:०५

निपाणीची_सून, मला वाटायचं हे माझ्या एकटीचंच आहे.

हिंडलगा_४२ | मंगळवार, सकाळी ११:२०

मी जरा वेगळं लिहिणार आहे. राग मानू नका.

वजनानं आजार होतात हे खरं. पण जाड बाईचा प्रत्येक आजार वजनाच्याच खात्यावर टाकतात हेही खरं आहे. मला जेवल्यावर दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत जायची. दोन वर्षं एका दवाखान्यात जात होते. दरवेळी वजन करायचं, आकडा बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचायचा, आणि मग "आधी वजन कमी करा, गॅस आहे". पोटाला हात कधी लावला नाही. मी घाबरून रोज एक वेळ नुसत्या काकडीवर राहिले, दोन महिन्यांत नऊ किलो उतरले, आणि एका रात्री कळ थांबेचना. दुसरीकडे नेलं, सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जादा वजनानं बायकांना खडे होतात, आणि उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं तर ते आणखी वाढतात.

ऑपरेशन झालं, बरी झाले. पण त्यानंतर तीन वर्षं मी कुठल्याच दवाखान्यात गेले नाही. काट्यावर उभं राहायचं या विचारानंच पोटात गोळा यायचा. त्या तीन वर्षांत बीपी कधी वाढलं ते कळलंच नाही.

माझी विनंती एवढीच. वजनाबद्दल बोला, पण आधी बाई काय सांगतेय ते ऐका.

डॉक्टर_टिळकवाडी | मंगळवार, दुपारी ४:००

हिंडलगा_४२, तुमचं बरोबर आहे. हे आमच्या पेशानं ऐकायला हवं. आमच्याकडे काटा पडद्यामागे आहे आणि आकडा मी कागदावर लिहिते, बोलत नाही. हे मला सुद्धा एका पेशंटनं सांगितल्यावर सुचलं.

वजनाच्या नावाखाली ज्या गोष्टी कधीच सोडून देऊ नयेत त्यातली एक मला ठळकपणे लिहायची आहे, कारण यात बायका उशीर करतात. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा एक ठिपका जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवा. "परत पाळी सुरू झाली, अंगात ताकद आहे अजून" असं म्हणून खूश होऊ नका. पाळी गेल्यावर बीजकोश थांबतात, पण चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवत राहतात. त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक तेव्हा नसतं. गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि काही जणींच्यात त्याचा कर्करोग होतो. जादा वजनाशी ज्यांचं नातं सगळ्यात घट्ट आहे त्या कर्करोगांत हा येतो. लवकर सापडला तर पुष्कळदा ऑपरेशननं बरा होतो. सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासणं, एवढंच सुरुवातीला लागतं.

थायरॉईडचंही लिहिते, कारण प्रत्येक दुसरी बाई मला सांगते की माझं वजन थायरॉईडचं आहे. थायरॉईड मंदावल्यानं साधारण चार-पाच किलोपर्यंत वाढतं, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. गोळी घ्याच, पण वीस किलो थायरॉईडनं वाढत नाहीत.

चिकोडीचा_मुलगा | मंगळवार, रात्री ८:३०

या धाग्यावर लिहू की नको असं वाटत होतं. आई ५५ वर्षांची, वजन ९० च्या आसपास. संध्याकाळी भाजी निवडता निवडता झोपते. रात्री इतकी घोरते की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून गळा भरल्यासारखा आवाज. सकाळी डोकं दुखतं. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी १५० च्या खाली येत नाही. घरात सगळे तिला झोपाळू म्हणतात. तिला कसं सांगू?

डॉक्टर_टिळकवाडी | मंगळवार, रात्री ९:१५

झोपाळू नाहीत त्या. त्यांना रात्री झोपच मिळत नसावी. मानेभोवतीच्या चरबीनं झोपेत घशातली श्वासाची वाट दबते, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो, रात्रीतून कित्येकदा. बीपी गोळ्यांना दाद देत नाही त्याचं हे एक नेहमीचं कारण. छातीच्या डॉक्टरांकडे न्या, रात्रभराची झोपेची तपासणी असते. गरज असेल तर झोपताना हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र देतात. त्यांचा श्वास अडतो तेव्हा मोबाईलवर एक मिनिट आवाज टिपून ठेवा, डॉक्टरांना ऐकवा.

आईशी बोलताना वजनापासून सुरुवात करू नका. "रात्री तुझा श्वास थांबतो, मला भीती वाटते" एवढंच सांगा.

येळ्ळूरची | बुधवार, सकाळी ६:५०

आमच्या घरी उलटं आहे. सासूबाई ४६ किलोच्या. आयुष्यभर भाताची लावण केली, अजून शेतात जातात. तरी साखर २४० निघाली. त्या म्हणतात, साखर जाड्यांना होते, मशीन चुकलंय. औषध घेत नाहीत.

डॉक्टर_टिळकवाडी | बुधवार, दुपारी १:३०

मशीन चुकलेलं नसावं. त्यांना ही गोष्ट सांगा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्य घातलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांचे हातपाय काटकुळे दिसतात, स्नायू कमी असतात, आणि चरबी पोटात दडून बसते. म्हणून हडकुळ्या बाईनं सुद्धा तिशीनंतर साखर तपासायची. त्यांच्या पोटाला टेप लावून बघा.

ज्वारीची_भाकरी | बुधवार, रात्री १०:३०

मूळ प्रश्नातलं पथ्य मागं पडलं, म्हणून लिहिते. माझं गाव अथणीकडचं, आता अनगोळला राहते. मला स्वतःला गरोदरपणात साखर झाली होती. सातव्या महिन्याच्या आधी ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, १४० च्या वर निघालं. बाळंतपणानंतर साखर उतरली, पण डॉक्टरांनी बजावलं की पुढं मधुमेह व्हायचा धोका आयुष्यभर राहतो, दरवर्षी तपासायचं. तेव्हापासून सहा वर्षं जे केलं ते सांगते.

वेगळा स्वयंपाक नाही. हे सगळ्यात आधी. एकीला वेगळं ताट म्हणजे तिला शिक्षा. सगळ्यांनी तेच खायचं.

तेल. महिन्याला घरात किती पाकिटं येतात ती मोजा. माणशी रोज चार-पाच चहाचे चमचे पुरे, म्हणजे पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलोच्या आसपास. आमच्याकडं सात किलो लागत होतं! मला आकडा बघून धक्का बसला, कारण तळण आम्ही फार करतच नव्हतो. फोडणीतच जात होतं.

भाकरीबद्दल खरं सांगायचं तर ज्वारी म्हणजे औषध नव्हे. पीठ ते पीठच. पण भाकरीला तेल लागत नाही, ती चावावी लागते, पोट लवकर भरतं. कडक भाकरी तर आणखी हळू खाल्ली जाते. तिच्याबरोबर मेथी, हरभऱ्याचा पाला, मटकीची उसळ घसघशीत घ्या. आपली चूक होते ती शेंगाचटणीत. भाकरीवर सहज मूठभर येते आणि मूठभर शेंगदाणे म्हणजे जवळपास १७० कॅलरी, वर तेल. मी आता चमच्यानं वाढते. दोन चमचे.

चहा. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर नुसत्या चहात. दिवसभरात सगळी मिळून २५ ग्रॅमच्या आत हवी. मी अर्ध्या चमच्यावर यायला तीन महिने लावले, दर पंधरा दिवसांनी जरा कमी. एकदम सोडला असता तर परत सुरू झाला असता.

कुंदा आणि करदंट या इकडच्या मिठाया बंद केल्या नाहीत. बेळगावात राहून लग्नात कुंदा नको म्हणणं मला जमणार नाही. पण घरी अर्धा किलोचा डबा आणून ठेवत नाही.

आता सगळ्यात अवघड. बाईनं सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला एकटीनं जेवायचं, आणि भांड्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून तो पण संपवायचा. माझं निम्मं वजन त्या उरलेल्या भाताचं होतं असं मला मनापासून वाटतं. आता आठला सगळे एकत्र बसतो. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीचा भात, आणि तो सगळ्यांनी खायचा. यावरून घरात महिनाभर कुरबुर झाली. मी हटले नाही.

हिंडलगा_४२ | गुरुवार, सकाळी ९:१०

उरलेल्या भाताचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझी आई पण असंच करायची.

निपाणीची_सून | गुरुवार, दुपारी ३:२०

आमच्या गल्लीत एक बाई वजन कमी करायच्या पावडरीचे डबे विकते, महिन्याला चार-पाच हजार. आणि आता कुणी कुणी इंजेक्शनचं पण विचारतंय. त्याचं काय?

डॉक्टर_टिळकवाडी | गुरुवार, रात्री ८:४५

पावडरीचा डबा बंद झाला की वजन परत येतं, आणि चार हजारांत घरभर डाळी, अंडी, भाज्या, फळं येतात. इंजेक्शनं खरी आहेत. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. भूक कमी होते, वजन चांगलं उतरतं, पण बंद केल्यावर बरंचसं परत येऊ शकतं. डॉक्टरांनी तपासून, चिठ्ठीवरच घ्यायची. मूल हवं असलेल्या किंवा गरोदर बाईनं अजिबात नाही. मौंजारोनं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, हे सांगायला बरेच जण विसरतात. आणि गरोदरपणात वजन उतरवायच्या मागं कुणीही लागू नये, तेव्हा ते किती वाढू द्यायचं एवढंच बघायचं.

शहापूरची_आई | पाच महिन्यांनंतर, रविवार, दुपारी १२:४०

धागा वर आणतेय. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मला उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

लेकीला मी हे सगळं वाचायला दिलं. तिनं दोन दिवस काही बोललं नाही. मग म्हणाली, "आई, माझ्यासमोर कुणी माझ्या वजनावर बोललं तर तू मध्ये बोलशील?" मी हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात तिची आत्या आली आणि दारातच सुरू झाली, "काय गे, अजून तशीच की!" मी म्हटलं, "वन्सं, तिला बरं नाहीये, औषध चालू आहे. यावर आता आमच्या घरात बोलायचं नाही." आत्याबाई दोन महिने आल्या नाहीत. गेल्या आठवड्यात फोन केला, स्वतःची साखर कुठं तपासू विचारत होत्या. मानेवर त्यांच्या पण आहे म्हणे.

तेलाची पाकिटं मोजली. आम्ही चौघं, सहा किलो. आता साडेतीनवर आलोय. हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, डबा घेऊन जातात. भाजीला चव नाही म्हणून पंधरा दिवस कुरकुरले, आता काही बोलत नाहीत. रात्री आठला चौघं एकदम बसतो. हे फार मोठं झालंय आमच्याकडं, कारण पूर्वी लेक सगळ्यांचं झाल्यावर खोलीत ताट नेऊन जेवायची. मला वाटायचं मोबाईलसाठी. ती आमच्यासमोर जेवायला लाजत होती.

लेकीचं वजन ७१ वरून ६७.४. एचबीए१सी ५.८. औषधानं एकदा पाळी आणली होती, त्यानंतर दोनदा आपली आपण आली, एकदा ३४ दिवसांनी आणि एकदा ३६. तिनं कॅलेंडरवर गोल केलेत. माझं वजन फक्त तीन किलो उतरलं, पण पोटाचा घेर ९८ वरून ९३ झालाय. बीपीची गोळी चालू झाली, ती आधीच चालू व्हायला हवी होती.

रोज सकाळी सहाला आम्ही दोघी कपिलेश्वर पूल ओलांडून पलीकडे जातो आणि परत येतो. पहिल्या महिन्यात चढावर दोनदा थांबायचे. आता एकदा थांबते.

आज सकाळी तिच्या केसांना तेल लावत होते. पट्टा अजून आहे. पण कडेनं फिकट झालाय आणि घड्या मऊ लागतात. डॉक्टर म्हणाल्या होत्या वेळ लागेल. तिनं विचारलं, "गेला काय गं?" मी म्हटलं, "जातोय."

शहापूर, वडगाव, खासबागच्या कुणाला सकाळी बरोबर यायचं असेल तर पुलाच्या अलीकडच्या टोकाला सहाला भेटा. रविवारी पण जातो.

कंग्राळीची | रविवार, दुपारी १:२५

ताई, मला साखर निघाली. एचबीए१सी ६.८. गोळी सुरू आहे. तुमच्या धाग्यामुळं कळलं. बहीण वडगावला आहे, पुढच्या आठवड्यात तिच्याकडं राहायला येतेय. दोघी येऊ. माझे गुडघे दुखतात, हळू चालता ना?

शहापूरची_आई | रविवार, दुपारी १:३०

हळूच चालतो आम्ही. या.